अठरा हजार पगार, सातशे वीस रुपये

चेन्नईत ओरगडम नावाची दोन ठिकाणं आहेत. एक अंबत्तूरला लागून, १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या लघुउद्योग वसाहतीच्या शेजारी. दुसरं शहराबाहेर श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला, वंडलूर–वालाजाबाद रस्त्यावर. रिक्षावाल्याला नेमकं कुठलं ते सांगितलं नाही, तर भाडं ठरवतानाच घोळ होतो. दुसऱ्या ओरगडमला रेनॉचा कारखाना आहे, भारतबेंझचे ट्रक बनतात, रॉयल एन्फिल्ड आहे, अपोलो टायर्स आहे. ज्यानं चाकण पाहिलंय त्याला हे चित्र नवं नाही. मोठ्या कंपनीला सुटे भाग देणारी मधली कंपनी, तिला माल देणारी धाकटी, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याच्या शेडमधलं दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप. तिथे दोन पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, कोपऱ्यात वेल्डिंग आणि दाराशी डिस्पॅचची खोकी.

या शेवटच्या शेडमधल्या माणसांचा आरोग्य विमा मालकाला परवडेल असा कसा करायचा, एवढाच या लेखाचा विषय. हिशेब बोलका व्हावा म्हणून एक शेड कल्पनेतच उभी करू. एकूण १४ माणसं. त्यांतली ११ जणं ऑपरेटर आणि हेल्पर, वेतन सरासरी १८,००० रुपये. उरलेले तिघं म्हणजे टूलरूमचा जुना कारागीर, सुपरवायझर आणि हिशेबनीस. या तिघांचं वेतन २१,०००च्या वर. हा २१,०००चा आकडा ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

मालकाच्या डोक्यात विमा म्हटलं की आधी येतो तो एजंट आणि त्याचं कोटेशन. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की ईएसआय लागू होतोच, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. तो घ्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर नाही. आणि बाजारातला कुठलाही विमा या भावात मिळत नाही.

भाव असा. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. १८,००० वेतनावर कामगाराचे १३५ रुपये, मालकाचे ५८५, मिळून महिन्याला ७२० रुपये. वर्षाचे झाले ८,६४०. (२०१९च्या आधी हेच दर १.७५ आणि ४.७५ होते. तेव्हा कुरकुर करणाऱ्यांना काही आधार तरी होता.) एवढ्यात काय येतं? कामगार, बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांचं औषधपाणी, ऑपरेशन, हॉस्पिटलातलं राहणं. खर्चाला ठरावीक लाखांची मर्यादा नाही. आधीपासून मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हे कोणी विचारत नाही. नोकरी लागल्या दिवसापासून कुटुंबासकट उपचार सुरू. आजारपणात घरी बसावं लागलं तर रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, लागोपाठच्या दोन सहा-सहा महिन्यांच्या लाभकाळांत मिळून ९१ दिवसांपर्यंत. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण वेतन.

हे एवढ्यात बसतं कसं, याचं उत्तर आकारणीच्या पद्धतीत आहे. वर्गणी वेतनावर ठरते, आजारावर ठरत नाही. १२,००० मिळवणारा ९० रुपये भरतो, २०,००० मिळवणारा १५० भरतो, आणि दोघांना ऑपरेशन थिएटर एकच. शेडमधल्या एकाची अँजिओप्लास्टी झाली म्हणून पुढच्या महिन्यात शेडची वर्गणी वाढत नाही, कारण त्याचा भार देशभरातल्या कोट्यवधी विमाधारकांत वाटला जातो. वेतनातून थोडं, मालकाकडून थोडं ही कल्पना जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ मध्ये कायद्यात आणली. आपल्याकडे तिचा आराखडा केला प्रा. बी. पी. आडारकर यांनी. त्यांना १९४३ मध्ये हे काम दिलं गेलं, १९४४ मध्ये अहवाल आला. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कायदा झाला १९४८ मध्ये आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

मग छोटे मालक यातून अंग का काढून घेतात? रजिस्टरवर नऊ माणसं आणि शेडमध्ये चौदा, हा प्रकार ओरगडमलाच आहे असं नाही, भोसरीतही आहे. मालक म्हणतो, "दहावा दाखवला की इन्स्पेक्टर मागे लागतो." मोजणीचा नियम मात्र हजेरीपटाकडे बघत नाही. ठेकेदारामार्फत आलेली माणसंही मोजली जातात, आणि ठेकेदारानं वर्गणी भरली नाही तर ती मूळ मालकाच्या गळ्यात येते. एकदा योजना लागू झाली की पुढे माणसं दहाच्या खाली आली तरी ती सुटत नाही. म्हणून मधली कंपनी बिल पास करण्याआधी ठेकेदाराकडे महिन्याचं ईएसआय आणि पीएफचं चलन मागते. तिला कामगारांचा फार कळवळा असतो असं नाही, उद्या वसुली आपल्या दारात येऊ नये एवढीच काळजी असते.

चोरीच्या या हिशेबात नेमकी चूक कुठे होते, ते पॉवर प्रेसवर दिसतं. प्रेस हे पत्रा कापण्याचं, दाबण्याचं यंत्र. पाय पेडलवर, हात डायजवळ. उत्पादनाची घाई असली की सेन्सर बंद करून ठेवलेला असतो, कारण तो मधेमधे मशीन थांबवतो. मग एका फेरीत तर्जनी जाते. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या अशा अपघातांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते आहे. तिचं काम मानेसरच्या पट्ट्यात सुरू झालं आणि पुढे पुण्यातही पोचलं. त्या अहवालांत पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट अशी, की कितीतरी जखमींच्या हातात ईएसआयचं कार्ड अपघातानंतरच पडतं. म्हणजे बोट तुटल्यावर मालक धावत जाऊन नोंदणी करतो.

नोंदणी आधी झालेली असेल तर काय होतं? १८,००० वेतन म्हणजे रोजचे ६००. कामावर परत येईपर्यंत त्याला वेतनाच्या ९० टक्के मिळतात, म्हणजे रोज ५४० रुपये. यासाठी किमान इतके दिवस वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. काल लागलेल्या माणसालाही हे मिळतं. नंतर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. कायद्याच्या परिशिष्टात अख्खी तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि अंगठा गेल्यास ३० टक्के धरले आहेत. ५४०चे १४ टक्के म्हणजे रोज ७५ रुपयांच्या वर, महिन्याला साधारण सव्वादोन हजार, तेही तहहयात. रक्कम मोठी नाही. पण ती मालकाच्या खिशातून जात नाही, आणि ईएसआय लागू असलेल्या कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. नोंदणी नसेल तर हीच भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते, वर दवाखान्याचं बिल आणि कोर्टाच्या तारखा. महिन्याचे ५८५ रुपये वाचवणाऱ्यानं ही बेरीज एकदा कागदावर मांडून बघावी.

आता व्यवहारातली किल्ली. नोंदणी ऑनलाइन होते. मालकाला कोड मिळतो आणि प्रत्येक कामगाराला दहा आकडी विमा क्रमांक. हा क्रमांक माणसाबरोबर जातो. ओरगडमची नोकरी सोडून तो होसूरला किंवा चाकणला गेला तरी नवा काढायचा नाही, जुनाच द्यायचा. नवे मालक इथेच घोटाळा करतात. दुसरा क्रमांक काढून ठेवतात, मग भरलेले दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि आजारपणाचे पैसे अडकतात. कारण त्या पैशांसाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबर हा एक वर्गणी-काळ, त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबर. या तीन महिन्यांच्या फरकामुळे नव्या माणसाला आजारपणाचे रोख पैसे सुरुवातीचे काही महिने मिळत नाहीत, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून. ओडिशाहून किंवा लातूरहून आलेल्या माणसाचं कुटुंब गावी राहत असेल, तर नोंदणीतच तसं लिहायचं, म्हणजे त्यांना तिथल्या दवाखान्यात उपचार मिळतात.

ईएसआयची गैरसोयही खरी आहे, ती लपवून उपयोग नाही. ईएसआयसीचं मोठं हॉस्पिटल आणि वैद्यकीय महाविद्यालय के. के. नगरला, दुसरं मोठं हॉस्पिटल अयनावरमला. श्रीपेरुंबुदूरकडच्या ओरगडमहून के. के. नगर म्हणजे चाळीसेक किलोमीटर. साध्या तापासाठी तेवढं कोण जाईल? जवळच्या डिस्पेन्सरीच्या वेळा आणि शिफ्टच्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. अर्धा दिवस रांगेत घालवण्यापेक्षा माणूस कोपऱ्यावरच्या डॉक्टरला २०० रुपये देऊन मोकळा होतो. मग म्हणतो, "साहेब, ईएसआय कापू नका, तेवढे हातात द्या." त्याचं म्हणणं तापापुरतं बरोबर आहे, हृदयाच्या झडपेपुरतं नाही. मोठ्या आजारात ईएसआय आपल्या हॉस्पिटलातून करारातल्या खासगी हॉस्पिटलकडे पाठवतं आणि तिथे पैसे भरावे लागत नाहीत. अडीअडचणीत करार नसलेल्या ठिकाणी जावं लागलं, तर बिलांसकट परतफेड मागता येते. मालकाला यात एक छोटं काम करता येण्यासारखं आहे. हिशेबनिसाकडे सगळ्यांच्या कार्डांच्या छायाप्रती, सगळ्यांची डिस्पेन्सरी कुठली त्याची यादी, आणि डिस्पेन्सरीला जाणाऱ्यासाठी पगारी अर्धा दिवस. खर्च थोडा, आणि कापल्या जाणाऱ्या १३५ रुपयांबद्दलची नाराजी बरीच कमी होते.

आता २१,०००ची भिंत. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा आहे. दिव्यांगांसाठी ती २५,००० आहे. २०,८००वरून २१,५००ची पगारवाढ मिळालेला माणूस खूश असतो, पण त्या ७०० रुपयांत कुटुंबाचा सगळा विमा जातो. लगेच मात्र जात नाही. वाढ वर्गणी-काळाच्या मधे झाली, तर तो काळ संपेपर्यंत वर्गणी भरत राहायची आणि त्या काळाचा लाभही मिळतो. मेमध्ये वाढ झाली तर सप्टेंबरअखेर भरायचं, उपचार पुढच्या जूनपर्यंत. एवढ्या अवधीत दुसरा विमा उभा करता येतो. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरायचा. घरभाडं, प्रवास वगैरे वगळायचं, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनातच मोजायचा. म्हणून कोण आत, कोण बाहेर ते जुन्या पगारपत्रकावरून ठरवू नका, हिशेबनिसाला नव्यानं बसवा.

भिंतीपलीकडच्या तिघांसाठी आता एजंटला बोलवा. पहिली अडचण ही, की कंपनीचा ग्रुप विमा साधारण सात माणसांपासून मिळतो, तिघांचा गट होत नाही. शेडमध्ये असे आठ-दहा जण असते तर ग्रुप घ्यावा. त्यात आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, आणि बाळंतपणही घेता येतं. पण त्याच्या हप्त्याची जात ईएसआयच्या उलट आहे. समजा १५ माणसांचे ८,००० प्रमाणे १,२०,००० रुपये भरले आणि वर्षात दोघांचे मिळून २,१०,०००चे दावे झाले. विमा कंपनी पुढच्या वर्षीचा दर याच आकड्यावर ठरवते आणि हप्ता वाढतो. गट लहान, म्हणून एकाच स्टेंटनं सगळा हिशेब उलटतो. अमेरिकेत २०१४ पासून छोट्या मालकांच्या गटांना आजारपण बघून जास्त दर लावायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडच्या ग्रुप विम्याला तसं संरक्षण नाही. चार शेडवाल्यांनी एकत्र येऊन गट करावा म्हटलं, तर केवळ विमा घेण्यासाठी जमवलेला गट नियमाला चालत नाही. आधीपासून दुसऱ्या कामासाठी असलेली उद्योजकांची संघटना असेल, तर तिच्यामार्फत विचारता येतं.

हप्ता कमी करून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक प्रश्न नक्की विचारावा, खोलीभाड्याची मर्यादा किती? विमा ३ लाखांचा आणि खोलीची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० असेल, आणि रुग्ण ६,०००च्या खोलीत राहिला, तर वजावट फक्त खोलीच्या भाड्यात होत नाही. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे खर्चही त्याच प्रमाणात निम्मे धरले जातात. १,२०,०००चं असं बिल ६०,०००वर येतं. औषधं, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. स्वस्त पॉलिसीचा स्वस्तपणा बहुतेक वेळा याच कलमातून आलेला असतो. हप्ता खरोखर कमी करायचा असेल तर त्याहून बरा रस्ता म्हणजे मूळ विमा ३ लाखांचाच ठेवून वर ३ लाखांच्या पुढे सुरू होणारा सुपर टॉप-अप जोडणं. मोठे दावे क्वचित येतात, म्हणून वरचा थर कमी दरात मिळतो.

आपल्या तिघांसाठी मात्र प्रत्येकाची वैयक्तिक फॅमिली फ्लोटर पॉलिसी आणि हप्त्यात मालकाचा वाटा, हेच बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ग्रुपवर १८ टक्के आहेच. शिवाय नोकरी सुटली तरी पॉलिसी माणसाकडेच राहते. उणी बाजू ही, की आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि पन्नाशीच्या टूलरूमवाल्याचा हप्ता तिशीच्या सुपरवायझरपेक्षा बराच जास्त येतो. म्हणून मालकाच्या वाट्याची रक्कम तिघांना सारखी ठेवायची, की वयानुसार द्यायची, ते आधीच बोलून घ्यावं.

दहाच्या आतल्या दुकानांचं काय? इथे मला ओरगडमपेक्षा चेन्नईतली साहूकारपेठ आठवते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर सोनंचांदी गाळतात, चेन्नईतही. दुकानात चार-पाच माणसं, बहुतेक गावाकडचीच, आणि समोर ॲसिडचा धूर. इतकी माणसं म्हणजे ईएसआय नाही. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री विमा योजनेत ५ लाखांचं संरक्षण आहे, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १,२०,०००च्या आत हवं. महिना १५,००० मिळवणारा कारागीर १,८०,०००वर जातो. म्हणजे सरकारच्या लेखी तो गरीब नाही आणि ईएसआयच्या लेखी कामगारच नाही. गावी राहिलेल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले योजनेचा आधार आहे. ती आता महाराष्ट्रातल्या सगळ्याच कुटुंबांना ५ लाखांपर्यंत लागू आहे, पण साहूकारपेठेत छातीत कळ आली तर तिचा उपयोग नाही.

अशा दुकानांसाठी संहितेत एक दार उघडलं आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील, तर दहाच्या आतल्या आस्थापनेलाही स्वेच्छेनं ईएसआयमध्ये येता येतं. केंद्र सरकार ज्यांना धोकादायक म्हणून अधिसूचित करेल, त्या धंद्यांत तर एक माणूस असला तरी ते लागू होईल. पाच माणसांच्या गलाई दुकानानं हे दार ठोठावावं असं माझं ठाम मत आहे. १५,००० वेतनावर माणसी ६०१ रुपये, त्यांतले मालकाचे ४८८, कारण अर्ध्या रुपयाचा पूर्ण रुपया धरतात. पाच जणांचे २,४४०. गावाकडच्या माणसाला अचानक हॉस्पिटलात ठेवावं लागलं, की शेठ याहून कितीतरी मोठी उचल देतो आणि ती पुढे वर्षभर पगारातून फेडून घेतो.

आपल्या शेडचा महिन्याचा हिशेब मग असा. ११ जणांचे मालकाकडून ६,४३५ रुपये, त्यांच्या पगारातून १,४८५, मिळून ७,९२०. तिघांच्या पॉलिसीतला वाटा वेगळा. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचं, उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज. कामगारांचे १,४८५ कापून घेऊन भरलेच नाहीत, तर मालकावर फौजदारी होऊ शकते. भरल्यावर चलनाची एक प्रत फाइलला लावा आणि एक हजेरीच्या फलकाशेजारी चिकटवा. पॉवर प्रेसवाल्यानं आपलं नाव तिथे वाचलेलं असू द्या.